दिवे गेल्यावरही ऐकू आलं पाहिजे: हरिकेनच्या दिवसांत स्थानिक रेडिओ-टीव्ही केंद्र कसं चालतं

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना हे हरिकेन अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सवर आलं, तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएल रेडिओच्या स्टुडिओच्या काचा वाऱ्याने फुटल्या. निवेदक गार्लंड रॉबिनेट अडगळीच्या एका छोट्या खोलीत जाऊन बसले आणि तिथून बोलत राहिले. पुढे बांध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, वीज गेली, बहुतेक फोन मुके झाले. ८७० किलोहर्ट्झवरचा तो ५० हजार वॅटचा आवाज मात्र चालू होता. पोटमाळ्यावर अडकलेल्यांपैकी ज्यांचा फोन लागत होता, ते थेट केंद्रात फोन करून आपण कुठे आहोत ते सांगत होते.

हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, अटलांटिकमध्ये त्याचं नाव वेगळं इतकंच. त्याचं वार्तांकन म्हटलं की रेनकोट घालून वाऱ्यात वाकलेला बातमीदार डोळ्यांपुढे येतो. माझ्या मते या सगळ्या कामातला तो सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. स्थानिक केंद्राचा कस लागतो तो वीज गेल्यावर. टीव्ही बंद, मोबाइलला रेंज नाही, बाहेर काळोख आणि घरात एकच प्रश्न: पाणी आपल्या गल्लीत येणार का? त्या तासाला आपला आवाज त्या घरात पोचला पाहिजे, आणि मे महिन्यापासूनची सगळी तयारी त्या तासावरून उलटी मोजत यायची असते.

अमेरिकेच्या मेक्सिको आखाताच्या किनाऱ्यावर, म्हणजे टेक्सास, लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा आणि फ्लोरिडात, तिथली केंद्रं हे काम गेली साठ-पासष्ट वर्षं करताहेत. त्यांच्या अनुभवातून ते पायरीपायरीने मांडतो आहे. पत्रकारिता शिकणाऱ्यांना आणि कम्युनिटी रेडिओ चालवणाऱ्यांना ते थेट कामाला येईल. ह्यूस्टन किंवा टॅम्पात राहणाऱ्या मराठी घरांना आपण काय ऐकतो आहोत आणि काय ऐकायला हवं, हे कळेल.

पायरी पहिली: मे महिन्यात इमारतीभोवती फिरा

हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्याआधी स्टेशन मॅनेजर आणि इंजिनिअर यांनी इमारतीभोवती एक फेरी मारायची आणि एकच गोष्ट शोधायची: पाणी आलं तर आधी काय बुडेल?

ह्यूस्टनच्या केएचओयू या टीव्ही केंद्राची गोष्ट यासाठीच लक्षात ठेवावी. ते बफेलो बायू या ओढ्याच्या काठी होतं. २७ ऑगस्ट २०१७ ला हार्वे या हरिकेनच्या पावसाने ओढा फुगला आणि पाणी तळमजल्यावर शिरलं. निवेदक दुसऱ्या मजल्यावर गेले, तिथूनही निघावं लागलं आणि प्रक्षेपण थांबलं. बातमीदार ब्रँडी स्मिथ आणि कॅमेरामन मारिओ सँडोवल त्या वेळी रस्त्यावर होते. पुराच्या पाण्यात अडकलेला ट्रक आणि त्यातला चालक त्यांना दिसला. बोट घेऊन चाललेल्या शेरिफच्या (तिथल्या पोलिसांच्या) माणसांना त्यांनी थांबवलं आणि तो चालक वाचला. त्याच मालकांच्या डॅलसमधल्या डब्ल्यूएफएए केंद्राने मदतीचा हात दिला, पुढे ह्यूस्टन विद्यापीठाच्या आवारातल्या सार्वजनिक टीव्हीच्या स्टुडिओत जागा मिळाली आणि केएचओयू पुन्हा सुरू झालं. ती जुनी इमारत मात्र त्यांनी कायमची सोडली. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सच्या विंक टीव्हीतही इयन वादळाच्या वेळी समुद्राचं पाणी तळमजल्यावर आलं आणि केंद्र बंद पडलं.

म्हणून जनरेटर, विजेचं मुख्य पॅनेल आणि सर्व्हर तळमजल्यावर असतील तर ते आधी वर न्या. पैसे नसतील तर निदान एक माइक, एक मिक्सर आणि एक लॅपटॉप वरच्या मजल्यावर जोडून ठेवा. डिझेल किती दिवसांचं आहे ते टाकीवर काठी घालून मोजा, कारण कागदावरचा आकडा आणि टाकीतलं डिझेल यांत अनेकदा फरक पडतो. रस्त्यावर झाडं पडलेली असताना टँकर कुठल्या वाटेने येईल हे पुरवठादाराशी आत्ताच बोलून घ्या. जनरेटर महिन्यातून एकदा पूर्ण भार देऊन चालवा. नुसता सुरू करून बंद केला तर तो ऐन वेळी दगा देतो.

मग मनोरा. २७ ऑगस्ट २०२० च्या रात्री लॉरा वादळाच्या वाऱ्याने लुईझियानातल्या लेक चार्ल्सच्या केपीएलसी टीव्हीचा मनोरा कोसळून त्यांच्याच स्टुडिओवर पडला. आत कोणी नव्हतं, कारण आधीच निर्णय घेऊन सगळ्यांना हलवलं होतं आणि प्रसारण बॅटन रूजमधून चालू होतं. त्याच रात्री लेक चार्ल्सचं हवामान खात्याचं रडारही उद्ध्वस्त झालं. मनोरा इमारतीजवळ असेल तर त्याच्या उंचीएवढ्या परिघात कोणीही झोपायचं नाही, हा नियम मी तरी डोळे झाकून पाळेन.

एएम रेडिओची एक वेगळी अडचण आहे. ओलसर जमिनीवर एएमच्या लहरी चांगल्या पसरतात, म्हणून त्यांचे मनोरे बऱ्याचदा दलदलीच्या सखल जागी उभे असतात. तिथे यंत्रं उंच चौथऱ्यावरच हवीत. न्यू ऑर्लीन्सचं डब्ल्यूडब्ल्यूएल टीव्ही कॅटरिनात एकदाही बंद पडलं नाही. त्याचं मोठं कारण हे की नदीपलीकडे ग्रेटना इथे त्यांनी ट्रान्समीटर उंचावर बांधला होता. निवेदक आदल्या दिवशीच बॅटन रूजला लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टुडिओत पोचले होते आणि तिथून बोलत होते. त्या कामासाठी त्यांना पीबडी हा प्रसारणातला मानाचा पुरस्कार मिळाला.

स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यातला दुवा हा सगळ्यात नाजूक भाग. फायबर तुटते, मायक्रोवेव्हची तबकडी वाऱ्याने दोन अंश फिरली तरी संकेत तुटतो. म्हणून ट्रान्समीटरच्या खोलीतच एक माइक ठेवा. बाकी सगळं गेलं तरी एक माणूस तिथे बसून बोलू शकतो.

पायरी दुसरी: माणसं वाटून घ्या

दोन तुकड्या करतात. पहिली वादळात केंद्रातच राहते, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत. दुसरी सुरक्षित गावी जाते आणि वादळ सरल्यावर पहिलीला सोडवायला येते. वाटणी करण्याआधी प्रत्येकाला खासगीत विचारा: घरात तान्हं मूल आहे का, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, आईवडील पुराच्या पट्ट्यात राहतात का? ज्याचा जीव घरात अडकला आहे तो माइकवर नीट बोलू शकत नाही. अशा माणसाला कमीपणा न वाटू देता दुसऱ्या तुकडीत घाला. पहिल्या तुकडीच्या घरच्यांना कुठे पाठवायचं याची जबाबदारी केंद्राने घ्यावी.

संपर्कांची वही कागदावर हवी. त्यात काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग, लुईझियानात तिला पॅरिश म्हणतात) आपत्कालीन अधिकाऱ्याचा थेट नंबर, रुग्णालयांचे, वीज कंपनीचे, पंप चालवणाऱ्या विभागाचे आणि स्पर्धक केंद्रांच्या मुख्य इंजिनिअरांचे नंबर. स्पर्धक केंद्रांचे कशाला, ते पुढे येईलच.

पायरी तिसरी: नकाशा आधी स्वतः समजून घ्या

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी बुलेटिन काढतं: पूर्वेकडच्या वेळेने पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लीन्सच्या घड्याळात तेच ४ आणि १० होतात. किनाऱ्याला इशारा लागू झाला की मधे दर तीन तासांनीही एक बुलेटिन येतं. केंद्राचं वेळापत्रक या वेळांभोवतीच बांधतात, आणि ते श्रोत्यांनाही सांगून टाकावं: "पुढची खरी नवी माहिती दहा वाजता येईल." मधल्या काळात तेच चित्र नवं असल्यासारखं फिरवत राहिलात तर लोक थकतात, आणि ज्या वेळी ऐकायला हवं त्याच वेळी त्यांचं लक्ष उडतं.

आता अंदाजाच्या नकाशावरचा तो पांढरा शंकू. वादळाचं केंद्र कुठून कुठवर जाऊ शकेल हे तो दाखवतो. मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते, आणि साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्याच्या आत राहतं. म्हणजे तीनातून एकदा बाहेर जातं. वाऱ्याचा, पावसाचा आणि पाण्याचा पसारा शंकूत मोजलेलाच नसतो. १३ ऑगस्ट २००४ ला चार्लीचा अंदाज टॅम्पाकडे होता. वादळ आधीच वळलं आणि टॅम्पाच्या सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला पुंता गोर्डापाशी धडकलं. पुंता गोर्डा शंकूत होतंच. लोक मात्र मधल्या काळ्या रेषेकडे, म्हणजे केंद्राच्या अंदाजित वाटेकडे, बघत होते. १८ वर्षांनी इयनच्या वेळीही त्याच किनाऱ्यावर, फोर्ट मायर्स ज्यात येतं त्या ली काउंटीत, नजर टॅम्पाकडे लागलेली होती आणि घरं सोडण्याचा आदेश धडकण्याच्या आदल्या दिवशी निघाला. रेषा दाखवायचीच असेल तर तिच्यावर बोट ठेवून बोलू नका. शंकूच्या दोन्ही कडांवरच्या गावांची नावं मोठ्याने घ्या.

वादळाला जो वर्ग देतात, त्या आकड्याचंही तसंच. वर्ग १ म्हणजे ताशी ११९ किलोमीटरपासून, वर्ग ५ म्हणजे २५२ च्या पुढे, पण हा आकडा फक्त वाऱ्याचा. १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत अशा वादळांनी जे थेट मृत्यू झाले, त्यांतले दहातले नऊ पाण्यामुळे झाले, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे समुद्राच्या वादळी उधाणाने. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर १९६९ मध्ये वर्ग ५ चं कॅमिल येऊन गेलं होतं. "कॅमिलमध्ये आमच्या घरात पाणी आलं नव्हतं, मग आता कशाला येईल?" असं म्हणून लोक कॅटरिनात घरी थांबले. धडकताना कॅटरिना वर्ग ३ होतं, पण आकाराने कितीतरी मोठं. त्याने काही ठिकाणी ८ मीटरहून उंच पाणी आणलं. म्हणून अँकरने वर्गाचा आकडा दुसऱ्या वाक्यात सांगावा. पहिल्या वाक्यात पाणी. टीव्हीवर असाल तर स्टुडिओच्या भिंतीला अपेक्षित उंचीवर रंगीत टेप लावा आणि शेजारी उभे राहा. नऊ फूट पाणी म्हणजे काय, ते पाहणाऱ्याला एका नजरेत कळेल.

अशा साध्या युक्तीचं सामर्थ्य १९६१ पासून माहीत आहे. कार्ला टेक्सासकडे येत होतं तेव्हा केएचओयूचे वृत्तसंपादक डॅन रादर गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात कॅमेरा घेऊन गेले. रडारच्या पडद्यावर तो अक्राळविक्राळ भोवरा दिसत होता, पण पाहणाऱ्याला त्याचा आकार उमगला नसता. त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकवर किनाऱ्याची बाह्यरेषा काढून घेतली आणि ती रडारवर धरली. लोकांना एकदम दिसलं की हे आखाताएवढं आहे. साडेतीन लाखांच्या आसपास माणसं किनारा सोडून गेली.

पायरी चौथी: ४८ तास आणि ३६ तास

हरिकेन वॉच म्हणजे धोका संभवतो. तो साधारण ४८ तास आधी लागतो. वॉर्निंग म्हणजे येणार हे धरून चला. तो ३६ तास आधी. हे तास वादळ धडकण्यापर्यंतचे नाहीत, ताशी ६३ किलोमीटरचा वारा सुरू होण्यापर्यंतचे आहेत, कारण त्यानंतर शिडीवर चढून खिडकीला फळ्या ठोकणंही धोक्याचं. २०१७ पासून वादळी उधाणाचे वॉच आणि वॉर्निंग वेगळे निघतात. किनाऱ्यालगतच्या केंद्राने ते आधी वाचावेत.

या टप्प्यावर केंद्राने एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावायचा: माझा झोन कुठला? घर सोडायचे झोन हे विम्यासाठी काढलेल्या पूररेषांपेक्षा वेगळे असतात, आणि ही गल्लत दर वर्षी होते. पत्ता घालून झोन कसा शोधायचा ते टीव्हीवर करून दाखवा. रेडिओवर हद्दी बोलून दाखवा: "या महामार्गाच्या दक्षिणेला राहणारे सगळे, या पुलाच्या पश्चिमेला राहणारे सगळे."

ज्यांना निघायची गरज नाही त्यांना थांबा म्हणून सांगणं हेही तितकंच गरजेचं. सप्टेंबर २००५ मध्ये, कॅटरिनाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा रिटाच्या भीतीने ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांहून अधिक लोक एकदम रस्त्यावर आले. त्यांतल्या कित्येकांच्या घरांना पाण्याचा धोका नव्हताच. रणरणत्या उन्हात गाड्या तासन् तास अडकल्या. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या माणसांना घेऊन जाणारी बस पेटली आणि २३ जण गेले. तिथल्या आपत्ती व्यवस्थापनातलं एक वचन आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. ते दर पंधरा मिनिटांनी सांगण्यासारखं आहे.

भाषेचा विचारही आत्ताच करायचा. ह्यूस्टनमध्ये ९०० एएमवर व्हिएतनामी भाषेत बोलणारं रेडिओ सायगॉन आहे. कॅटरिनात बिलॉक्सी आणि न्यू ऑर्लीन्समधून निघालेल्या हजारो व्हिएतनामी कुटुंबांना कुठे जमायचं, कोण घरी ठेवून घेईल, हे त्या केंद्राने त्यांच्या भाषेत सांगितलं. मोठ्या इंग्रजी केंद्राला ते जमलं नसतं. आपल्या शहरात जी भाषा बोलली जाते तिचा एक माणूस बोलावून ठेवा.

बहिऱ्या लोकांसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषा चौकटीत पूर्ण दिसला पाहिजे, हात कापले जाऊ नयेत. आणि तो प्रशिक्षित हवा. २०१७ मध्ये इर्माच्या वेळी फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या पत्रकार परिषदेत घाईघाईने उभ्या केलेल्या माणसाच्या खुणांमधून "पिझ्झा" आणि "राक्षस" असे निरर्थक शब्द बाहेर पडले. त्या खोलीबाहेर कितीतरी बहिरी माणसं जीव मुठीत धरून बघत होती. तिथल्या प्रसारण नियामकाचा, एफसीसीचा, नियमही आहे: आणीबाणीची माहिती ऐकू न येणाऱ्याला दिसली पाहिजे आणि न दिसणाऱ्याला ऐकू आली पाहिजे. सरकत्या पट्टीने खालची उपशीर्षकं झाकायची नाहीत.

पायरी पाचवी: अखंड प्रसारण

जाहिराती आणि मालिका थांबल्या की तासाचं वेळापत्रक आखा. तासाच्या ठरलेल्या मिनिटाला वादळ कुठे आहे, ठरलेल्या मिनिटाला निवारे, ठरलेल्या मिनिटाला रस्ते आणि पूल. माणसं बॅटरी वाचवण्यासाठी रेडिओ दहा मिनिटं लावून बंद करतात. त्या दहा मिनिटांत त्यांना कामाचं काहीतरी मिळालंच पाहिजे.

टीव्हीचा आवाज रेडिओवरून जाण्याची व्यवस्था आधीच करून ठेवा आणि ती सुरू झाली की बोलण्याची सवय बदला. "इथे बघा, हा लाल पट्टा तुमच्याकडे येतोय" या वाक्यात अंधारात बसलेल्या माणसासाठी एक अक्षरही नाही. "पुढच्या वीस मिनिटांत अमुक गावावर, अमुक चौकाच्या पूर्वेला" असं बोला. चांगले अँकर कॅमेऱ्यासमोर असतानाही आंधळ्याला सांगावं तसं सांगतात. मला ही या कामातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची सवय वाटते. ती वादळात येत नाही, रोजच्या हवामानवृत्तात लावून घ्यावी लागते.

बाहेरच्या बातमीदारांसाठी नियम लिहून ठेवा. उधाणाच्या झोनमध्ये कोणी नाही. गाडी पक्क्या काँक्रीटच्या पार्किंगमध्ये, तोंड बाहेर. वारा वाढण्याआधीच प्रसारणाच्या व्हॅनचा उंच खांब खाली. झाडांखाली थांबायचं नाही, वारा नसला तरी नाही. मे २०१८ मध्ये अल्बर्टो वादळाच्या पावसात दक्षिण कॅरोलिनातल्या एका टीव्ही केंद्राचे अँकर आणि कॅमेरामन, दोघेही गाडीवर झाड पडून गेले. जमीन भिजून मऊ झाली होती, मुळांनी पकड सोडली. बातमीदाराला "मी आता आत जातो" असं म्हणण्याचा हक्क हवा आणि त्यावर संपादकाने प्रश्न विचारायचा नाही.

सतत वाहणारा वारा ताशी ४० ते ४५ मैलांवर, म्हणजे ६५ ते ७२ किलोमीटरवर गेला की बऱ्याच काउंट्यांत रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल बाहेर पडणं थांबवतात. त्या क्षणी ते स्पष्ट शब्दांत सांगा: आता फोन केलात तरी कोणी येऊ शकणार नाही, जिथे आहात तिथेच थांबा. ऐकायला कठोर वाटतं. पण रात्री अडीच वाजता गाडी काढणाऱ्याला याच वाक्याने अडवता येतं.

पायरी सहावी: डोळा येतो तेव्हा

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू मायामीच्या दक्षिणेला आलं. डब्ल्यूटीव्हीजे टीव्हीचे हवामानतज्ज्ञ ब्रायन नॉरक्रॉस सलग २३ तास बोलत होते आणि ते रेडिओवरूनही ऐकू जात होतं. पहाटे इमारत हादरायला लागली तेव्हा ते सहकाऱ्यांसह आतल्या सुरक्षित खोलीत गेले, आणि लोकांनाही तेच करायला सांगितलं: घराच्या मधल्या खोलीत किंवा कपाटात जा, अंगावर गादी ओढून घ्या. पुढे बरेच लोक सांगत राहिले की त्या एका सूचनेने आम्ही वाचलो.

त्या आवाजातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, सूचना इतकी नेमकी की विचार करावा लागू नये. दुसरी, "मीही तेच करतो आहे" हा सूर. भीती दडवू नका, पण वाक्य पूर्ण करा. आणि डोळा, म्हणजे वादळाचा मधला शांत भाग, अंगावर आला की वारा अचानक पडतो, कधी तारेही दिसतात. लोक दार उघडून बाहेर येतात. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. म्हणून डोळा पोचण्याआधीच सांगून ठेवायचं: शांत वाटलं तरी बाहेर पडू नका.

पायरी सातवी: आता फक्त रेडिओ

इथून स्थानिक केंद्राचं खरं काम सुरू होतं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया प्वेर्तो रिको बेटावरून गेलं. वीज पूर्ण गेली, मोबाइलच्या मनोऱ्यांपैकी ९५ टक्के बंद. संपूर्ण बेटावर ऐकू जाणारं वापा रेडिओ, ६८० एएम, तेवढं चालू राहिलं. लोक मैलोन् मैल चालत त्या केंद्राच्या दारात येत होते आणि माइकवर आपलं नाव, गाव, "आम्ही बरे आहोत" एवढं सांगून जात होते. यासाठी दारात एक टेबल मांडा. येणाऱ्याकडून नाव, गाव, कोणासाठी निरोप, हे लिहून घ्या आणि गावांच्या क्रमाने वाचा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपलं गाव कधी येईल ते कळतं.

हे लिहिताना मला ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ आठवतं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले, आणि मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना गावाकडची माणसं सुखरूप आहेत की नाही हे कळायला कित्येक दिवस गेले. असा आवाज त्या दिवसांत प्रत्येक तालुक्याला हवा होता.

फोन लागत असतील तर ते घ्या, पण चाळणी लावा. फोन घेणाऱ्याने आधी विचारायचं: तुम्ही हे स्वतः पाहिलं का? कुठून बोलताय? किती वाजता पाहिलं? कॅटरिनात लोक आसऱ्याला थांबले होते त्या सुपरडोम स्टेडियममध्ये खूनसत्र चालल्याच्या गोष्टी देशभर पसरल्या. तपासात त्यांतलं बहुतेक खोटं निघालं. अशा अफवांनी मदतीला निघालेली माणसं दारातच अडखळतात. २०१२ मध्ये सँडीच्या रात्री न्यूयॉर्क शेअर बाजारात तीन फूट पाणी शिरल्याची बातमी एका राष्ट्रीय वाहिनीने दिली. ती एका ट्विटवरून आली होती आणि निव्वळ थाप होती. पडताळणी झाली नसेल तर "आम्ही हे तपासतो आहोत, तोवर यावर विसंबू नका" हे सांगण्यात कमीपणा नाही.

आणि इथे ते स्पर्धकांचे नंबर कामी येतात. कॅटरिनानंतर न्यू ऑर्लीन्समधल्या दोन प्रतिस्पर्धी रेडिओ कंपन्यांनी, एंटरकॉम आणि क्लिअर चॅनल यांनी, एकत्र येऊन युनायटेड रेडिओ ब्रॉडकास्टर्स ऑफ न्यू ऑर्लीन्स या नावाने एकच प्रसारण अनेक केंद्रांवरून दिलं. एकाचा मनोरा उभा असेल तर दुसऱ्याने माणसं द्यायची, एकाकडे माणसं असतील तर दुसऱ्याने मनोरा द्यायचा. हा करार वादळाआधी एका पानावर लिहून दोघांनी सह्या करून ठेवावा. आणीबाणीत एएम केंद्रांना आणखी एक मुभा आहे. एरवी रात्री शक्ती कमी करावी लागणारी केंद्रं त्या काळात दिवसाच्या पूर्ण शक्तीने बोलू शकतात, अट एवढीच की त्या प्रसारणातून पैसा कमवायचा नाही.

मराठी घरांसाठी इथेच एक काम. आणीबाणीच्या पेटीत सेलवर चालणारा रेडिओ ठेवा आणि त्यावर ही चिठ्ठी चिकटवा: ह्यूस्टन ७४० एएम, न्यू ऑर्लीन्स ८७०, टॅम्पा ९७०, मायामी ६१०. गाडीतला रेडिओही चालतो, फक्त गाडी बंद गॅरेजमध्ये सुरू करू नका.

पायरी आठवी: पाणी ओसरल्यानंतरचे आठवडे

देशभरातल्या वाहिन्या तिसऱ्या दिवशी निघून जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेनचा पाऊस नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात कोसळला आणि ॲशव्हिलमध्ये नळाला पिण्यायोग्य पाणी पुन्हा यायला १८ नोव्हेंबर उजाडला. त्या काळात ब्लू रिज पब्लिक रेडिओ लोकांसाठी रोजची माहिती वाचत होता. लोक गाडीत बसून किंवा हाताने फिरवायच्या रेडिओवर ऐकत. त्यांनी वेबसाइटची फक्त अक्षरांची हलकी आवृत्तीही काढली, म्हणजे कमजोर नेटवर्कवर ती उघडेल.

या टप्प्यातलं वार्तांकन नीरस वाटतं आणि तेच जीव वाचवतं. पाणी उकळून प्या हा आदेश कुठल्या भागाला, बर्फ आणि पाणी कुठल्या मैदानावर किती वाजता, डायलिसिस कुठे चालू, इन्सुलिन कुठे मिळतं, कुठला पेट्रोलपंप उघडा. प्रत्येक माहितीसोबत ती किती वाजताची आहे ते सांगा. शिळी माहिती ऐकून माणूस शेवटचं पेट्रोल जाळून बंद पंपावर पोचतो.

जनरेटरच्या धुराचा इशारा मात्र दर तासाला द्या. लॉरानंतर लुईझियानात झालेल्या मृत्यूंत मोठा वाटा कार्बन मोनॉक्साइडचा होता. वारा थांबल्यावर, घर उभं असताना, झोपेत माणसं गेली. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, खिडकीकडे तोंड न करता, व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही. हे वाक्य प्रत्येक पाळीच्या निवेदकासमोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, दुपारीही वाचा आणि रात्री झोपायच्या वेळी तर नक्की वाचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी पहिल्या तुकडीला सक्तीने घरी पाठवा. त्यांच्यातल्या काहींची घरं राहिलेली नसतात, आणि तरीही ती माणसं दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलत असतात. घरी जाण्याआधी प्रत्येकाने अर्धा तास बसून लिहून ठेवायचं: कुठला नंबर लागला नाही, कुठला कॅमेरा भिजला, डिझेल प्रत्यक्षात किती तास पुरलं, कुठल्या वस्तीतून एकही फोन आला नाही. ते कागद संपर्कांच्या वहीत लावायचे. ३० नोव्हेंबरनंतर ती वही उघडायची आणि ज्या वस्तीतून एकही फोन आला नाही, तिथे आधी जाऊन यायचं.